खुंटी कोणी हलवली

आमच्या वस्तीत मोहल्ला समिती निघाली, तेव्हा सगळ्यात पहिला संशय माझ्या वडिलांना आला.

अकोल्याहून मोटारीने तासाभरावर असलेलं आमचं तालुक्याचं गाव. मी अमरावतीला ट्रेनिंग करून नुकतीच परत आले होते आणि वस्तीतल्याच नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागले होते. महाराष्ट्र होऊन फार काळ झाला नव्हता. नगरपालिकेने त्या सुमारास सांगितलं होतं की, प्रत्येक वस्तीने आपली एक समिती करावी, तिने रस्ता, दिवा, पाणी यांची गाऱ्हाणी आणावीत. सभासदांना पगार नाही, भत्ता नाही. सगळं हौसेचं काम.

"फुकटात कोण राबते?" बाबा जेवता जेवता म्हणाले. "यात कोनाचं तरी काहीतरी हाये."

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांच्यात एक बदल झाला होता. पूर्वी ते गप्प राहून संशय घ्यायचे, आता बोलून घ्यायला लागले होते.

आमची वस्ती नाल्याच्या दोन बाजूंना होती. अलीकडे आम्ही बौद्धांची घरं, पलीकडे माळी समाजाची घरं आणि त्यांचे भाजीचे, झेंडूचे मळे. मधे नाल्यावर दगडी रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल. दोन्हीकडच्या विहिरींचं पाणी खारं. त्या पाण्यावर वांगी यायची, झेंडू फुलायचा, पण तुरीची डाळ काही शिजायची नाही. गोड्या पाण्यासाठी बायकांना बाजाराच्या नळापर्यंत जावं लागे. म्हणून समितीचं पहिलं काम आपोआप ठरलं. वस्तीला नळ पाहिजे.

समितीचे अध्यक्ष झाले ते पलीकडचे एक मळेवाले. पन्नाशीचे, आवाज मोठा, रोज सकाळी भाजीची गाडी बाजारात नेणारे. मी त्यांना काका म्हणायची. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, दारातच उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "फिटरभाऊ, कमेटीत तुमच्या लोकायसाठी एक जागा ठेवली. तुमी या."

"एकच काहून?" बाबांनी विचारलं.

काका गोंधळले. "म्हंजे... एक तर ठेवली न."

"आन आमाले इचारल्याबिगर ठेवली कोनं?"

 माय आतून पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या घेतला, हातात धरून ठेवला आणि न पिता खाली ठेवला. बाबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. काका गेल्यावर बाबा म्हणाले, "पाह्यलं? आन हा मानूस आपल्याले पानी देनार."

बाबा सभासद झाले नाहीत. पण बैठक चुकवायची नाही असं त्यांनी ठरवलं. पहिली बैठक पलीकडच्या मारुतीच्या ओट्यावर झाली. बाबा रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली उभे राहिले आणि तिथून ओरडून प्रश्न विचारू लागले. लोक वैतागले. शेवटी काकाच म्हणाले, "गड्या, असं बोंबलून बोलन्यापरीस बैठक शाळेत घेऊ." तेव्हापासून बैठका माझ्या शाळेच्या व्हरांड्यात व्हायला लागल्या. रविवारी सकाळी मी कुलूप उघडायची, सतरंजी अंथरायची आणि खांबाला टेकून बसायची. पुढे पुढे मीही बोलायला लागले.

नळ कुठे बसवायचा, यावर बैठकांमागून बैठका गेल्या. पलीकडचे म्हणत, मारुतीजवळ. बाबा म्हणत, तसं असेल तर नळच नको. ते लहान असताना त्यांच्या गावात विहिरीपासून दूर ओंजळ धरून उभं राहावं लागे, वरून कोणी पाणी ओतलं तर प्यायचं. मारुतीजवळचा नळ म्हणजे पुन्हा तेच होणार, असं त्यांना ठाम वाटे. पलीकडच्यांना वाटे, नळ आमच्या बाजूला आला तर त्यांच्या बायकांना आमच्या दारातून यावं लागेल. दोन्हीकडचे सरळ काही बोलत नसत. चढाची, चिखलाची, गुरांची कारणं सांगत.

शेवटी मीच म्हटलं, "रपट्याच्या तोंडाशी बसवा. तो कोणाच्याच दारात नाही."  मग काका म्हणाले, "बाई म्हनते थे बरोबर दिसून राह्यलं." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाही कोणी शिकवून पाठवलं होतं. पण त्यांनी विरोध केला नाही.

नगरपालिकेचा ओव्हरसियर आला. त्याने रपट्याच्या तोंडाशी लाकडी खुंटी ठोकली, वर लाल रंग लावला. बायका येऊन ती खुंटी पाहून गेल्या.

आठवडाही झाला नसेल, ती खुंटी तिथून गेली. वर मळ्यांच्या टोकाला, जिथे आमच्या वॉर्डाच्या मेंबरच्या मेव्हण्याने नवे प्लॉट पाडले होते, तिथे ती ठोकलेली दिसली. तीच खुंटी, तोच लाल रंग.

मेंबर म्हणजे नगरपालिकेत निवडून गेलेले आमचे प्रतिनिधी. गोड बोलणारे, प्रत्येकाच्या लग्नाला हजर राहणारे गृहस्थ. खुंटी कोणाच्या फायद्याची झाली ते उघड होतं. पण ती हलवायला आतून कोणी हो म्हटलं, यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे म्हणत, अध्यक्ष मेंबरला मिळालेले आहेत, शेवटी नळ त्यांच्याच मळ्याकडे गेला. पलीकडे म्हणत, फिटर मिळालेला आहे, नाहीतर इतका बोलणारा माणूस आता गप्प का?

आणि बाबा खरंच गप्प होते. खुंटी हलल्यावर ते आकाशपाताळ एक करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "पाहू."

त्याच आठवड्यात मी खडू आणायला नगरपालिकेच्या कचेरीत गेले होते. परत येताना मेंबरच्या घरावरून रस्ता होता. फाटक उघडं होतं आणि आत व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीवर, माझे बाबा बसले होते. बशीतून चहा पीत होते. समोर मेंबर हसत काहीतरी सांगत होते.

मी थांबले नाही. पाय आपोआप भरभर चालायला लागले. उन्हात घामाघूम होऊन घरी आले तरी डोळ्यांसमोर ती बशी होती. आमच्या घरी येऊन पाणी न पिता गेलेल्या माणसावर इतके दिवस संशय घेणारा माझा बाप मेंबरच्या घरी चहा पीत होता.

संध्याकाळी बाबा आले. मी विचारलं, "आज कुठं गेले होते?"

"जिनात."

"आज तर जिन बंद आहे, बाबा."

ते पाय धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मशीन पाह्याले गेलो होतो," म्हणाले.

माझा बाप माझ्याशी खोटं बोलल्याचं मला त्याआधी आठवत नाही. मी मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "बाप हाये तुहा. सरळ इचारून टाक न," ती म्हणाली. पण विचारायला जीभ उचलेना. उत्तर काय येईल याची भीती वाटत होती. मी त्यांच्याकडे चोरासारखी पाहत राहायची. ते कोणाशी बोलतात, कुठल्या वाटेने येतात, नवीन काही घेऊन आले का. दोन दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, "रविवारच्या बैठकीत तू काही बोलू नोको."

"काहून?"

"सांगतलं थे आईक."

माझा संशय तिथे पक्का झाला.

रविवारी व्हरांडा भरून गेला. एरवी न येणारे लोकही आले होते. बायका घागरी घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. आमच्या इकडच्या एका बाजूला, पलीकडच्या दुसऱ्या बाजूला. काकांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सुरुवात केली.

"फिटरभाऊ, एक गोष्ट इचारतो. तुमी मेंबरच्या घरी गेले होते का?"

मी खांबाला घट्ट धरलं. म्हणजे मी एकटीनेच पाहिलं नव्हतं.

"गेलो होतो," बाबा म्हणाले.

गलका उठला. काकांनी हात वर केला. "कायले?"

"बलावलं म्हनून गेलो. चहा पाजला. म्हने, खुंटी आता हाये तिथं राहू द्या, तुमच्या लोकायले पुढच्या साली अल्लग नळ देऊ. एकदम अल्लग, तुमच्या दारात." बाबा थांबले. "मी म्हटलं, अल्लग आमी लय पाह्यलं. तवा थो हसला. म्हने, तुमची पोरगी आमच्याच शाळेत हाये न? हंगामी हाये न?"

 सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

"पुढं काहीच नाही बोलला. पान खाऊन घ्या म्हने. मी घरी येऊन पोरीले सांगू शकलो नाही. मले वाटलं, सांगतलं तर थे म्हनन, बाबा तुमी लढा. न लढलो तर थे माह्याकडे कशी पाहीन?" त्यांनी तोंड पुसलं. "म्हनून तिले म्हटलं, तू बोलू नोको. आता तुमीच सांगा काय करायचं थे."

मला रडू आलं. पण त्याहून जास्त राग आला. कोणाचा ते तेव्हा कळलं नाही.

मग बाबांनीच काकांकडे वळून विचारलं, "आन तुमाले नाही बलावलं त्यानं?"

 काकांची बायको पायऱ्यांवर बसलेली होती. तिने पदर तोंडाशी नेला.

"बलावलं होतं," काका म्हणाले. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "नव्या बाजारात भाजीसाठी पक्का ओटा देतो म्हने."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी सांगतलं होतं?"

 पलीकडची एक म्हातारी, जी रोज देवळांपुढे फुलं विकायची, ती घागर आपटून म्हणाली, "बाप्पा! दोघंही तसलेच. आता दोघंही संगं जा नगरपालिकेत. एकट्यानं कोनी जायचं नाही. थो याच्यावर नजर ठेवीन, हा त्याच्यावर."

कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं.

"मीही येते," मी म्हटलं.

"तुही नौकरी..." बाबा म्हणाले.

"नौकरी माझी आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. बाबा आणि काका पूर्ण रस्ताभर एकमेकांशी बोलले नाहीत. काका विडी ओढायला थांबले तर बाबा थांबत. बाबा ओळखीच्या कोणाला जयभीम करायला वळले तर काका कान टवकारत. नगरपालिकेतल्या मोठ्या साहेबांनी आमचं ऐकून घेतलं आणि मेंबरना बोलावलं. मेंबर हसतच आले. आल्या आल्या त्यांनी साहेबांना एकच प्रश्न विचारला. "साहेब, मला वॉर्डानं मतं देऊन इथं पाठवलं. या लोकांना कोणी पाठवलं? यांची कमिटी कोणी निवडली?"

मी हा प्रश्न आजवर विसरलेले नाही, कारण तो खोटा नव्हता. काकांना कोणी निवडलं नव्हतं. मारुतीच्या ओट्यावर चार लोकांनी म्हटलं आणि ते झाले. बाबांना तर कोणी सभासदही केलं नव्हतं. मला कोणी विचारलं नव्हतं. साहेब आमच्याकडे पाहायला लागले. काकांनी बाबांकडे पाहिलं.

"आमाले कोनं नाही निवडलं," बाबा म्हणाले. "पन लोकायले इचारून तर पाहा. आमच्या तोंडाले नोका पाहू. तुमी या आन लोकायलेच पाहा."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे. कदाचित त्यांना मेंबरशी काही हिशेब चुकता करायचा असेल, असं बाबा नंतर म्हणाले. साहेबांनी ओव्हरसियरला पाठवायचं कबूल केलं. ठरलं असं की, त्याच्यासमोर लोकांनी यायचं आणि ज्याला जिथे नळ पाहिजे तिथे जाऊन उभं राहायचं. रपट्याच्या तोंडाशी किंवा वर, त्या खुंटीजवळ.

त्या सकाळी आम्ही सगळे रपट्यावर जाऊन उभे राहिलो. म्हणजे आमच्या बाजूचे. ओव्हरसियर सायकल टेकवून उभा होता. वर खुंटीजवळ पलीकडची माणसं जमायला लागली. एक, दोन, मग घोळकाच. त्यांच्यात काकांचा सख्खा भाऊ होता. मधली वाट रिकामी. काका दिसत नव्हते. बाबा पुटपुटले, "सांगतलं होतं न." माय म्हणाली, "थांबा जरासं."

मग काका आले. मळ्यातून आले, हातापायांना चिखल होता. वर भावाजवळ थांबले. दोघांचं काहीतरी बोलणं झालं, भावाने हात झटकला. काका खाली उतरले आणि रपट्यावर येऊन बाबांपासून चार हातांवर उभे राहिले. त्यांच्या मागून त्यांची बायको घागर घेऊन आली. मग ती फुलं विकणारी म्हातारी. मग आणखी बायका. पुरुष कमी आले. वर मळ्यांच्या टोकाला राहणाऱ्यांना वरचाच नळ जवळ पडत होता, ते तिथेच राहिले आणि त्यात चूक काय होती? पण रपट्यावर गर्दी जास्त होती, ते कोणालाही दिसत होतं. ओव्हरसियरने खुंटी उपटून आणली आणि पहिल्या जागी ठोकली.

ती मुळात कोणी हलवली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ओव्हरसियर म्हणे, मला वरून सांगितलं. वरचे म्हणत, आम्ही काही सांगितलं नाही.

नळ पावसाळ्यानंतर आला. पहिल्या दिवशी कोणी आधी भरायचं यावरून भांडण झालं. पलीकडच्या काही बायका आमच्या बायकांनी पाणी भरलं की तोटी घासून, धुऊन मग आपली घागर लावत. माय दोन दिवस पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी भरल्यावर तिनेही चिंच आणि राख घेऊन तोटी घासली आणि मग घागर लावली. एकीने विचारलं, "हे काय करून राह्यली वं?" माय म्हणाली, "तुमी धुता, म्हटलं चांगलंच असन." मग दोन्हीकडून धुणं सुरू झालं. गावातल्या कुठल्याही नळाची तोटी आमच्या तोटीसारखी चकचकत नव्हती. बरेच महिने हे चाललं, मग एकेकीला कंटाळा आला.

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि शाळा उघडली, तेव्हा माझं नाव हजेरीपटावर नव्हतं. कचेरीत म्हणाले, हंगामी जागा होती, संपली. माझ्याबरोबरच्या आणखी एका हंगामी शिक्षिकेचीही जागा संपली होती, आणि तिचा आमच्या नळाशी काही संबंध नव्हता. मेंबर मला एकदा रस्त्यात भेटले. स्वतःहून थांबले. "पोरी, तुझ्या बापाला सांग, मी काही केलं नाही," म्हणाले. मी मान हलवली. मी ते बाबांना सांगितलं नाही. बाबांनी विश्वास ठेवला नसता आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता, कारण मलाही नक्की माहीत नव्हतं.

जिल्हा परिषदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मला हिवरखेडला शाळा मिळाली. मी तिकडे खोली घेतली आणि सुट्ट्यांना घरी येऊ लागले.

अशाच एका सुट्टीत कळलं, काका नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिलेत. त्याच मेंबरविरुद्ध. वस्तीत दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येत होतं, "अस्सं! म्हनून कमेटी काढली होती." मीही मनात तेच म्हटलं. काका आमच्या घरी मत मागायला आले. या वेळी ते आत येऊन बसले. मायने पाणी दिलं, त्यांनी तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. मला कळेना की हे आता मनापासून आहे की मतासाठी आहे.

बाबांनी सरळ विचारलं, "पयल्यापासूनच डोक्शात होतं का हे?"

काकांनी तांब्या खाली ठेवला. "फिटरभाऊ, खरं सांगू? नव्हतं. पन त्या दिवशी त्या मेंबरनं इचारलं न, तुमाले कोनं निवडलं म्हनून, तवापासून थेच डोक्शात हाये."

 काका गेले.

काका पडले. थोड्याशाच मतांनी पडले. मोजणी ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे भाजीची गाडी घेऊन बाजारात गेले. त्यांच्या भावाने त्यांना मत दिलं नाही असं पलीकडचे म्हणत. आमच्या बाजूने त्यांना मतं पडली नाहीत असंही पलीकडचे म्हणत. बैठका काही महिने बंद होत्या. मग रपट्याजवळ दिव्याचा खांब हवा होता, म्हणून पुन्हा सुरू झाल्या. अर्ज द्यायला बाबा आणि काका दोघे संगं गेले. वाटेत बोलले की नाही, ते मला माहीत नाही. मी हिवरखेडला होते.

पुढच्या सुट्टीत मी बाबांना विचारलं, "तुम्ही मत कोणाला दिलं होतं?"

ते खाटेवर बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते.

"थे इचारायचं नसते," म्हणाले.

"मलाही नाही?"

"तुले तर मुळीच नाही. तू उद्या बैठकीत सांगशीन."

माय चुलीजवळून हसली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, पण त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.